चारनंतरचा मेंढा: मोंटानातल्या एका बिगहॉर्न शिकारीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात असं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ॲब्सारोका-बेअरटूथच्या डोंगरांत, एका घरातली चार माणसं आणि त्यांचा एक मित्र बिगहॉर्नच्या, म्हणजे मोठ्या वळलेल्या शिंगांच्या रानमेंढ्याच्या, शिकारीला गेले. परवाना एकाच्याच नावावर होता. हंगाम बंद व्हायला जेमतेम साडेतीन तास उरले असताना, कायद्यात नि:शंक बसणारा मेंढा बंदुकीच्या टप्प्यात उभा राहिला आणि परवानाधारकानं गोळी झाडली नाही. यावरून त्या घरात आजही दोन तट आहेत.

तो मित्र म्हणजे मी. माझ्याकडे बंदूक नव्हती, परवानाही नव्हता. ओझं वाहायचं आणि दुर्बिणीला डोळा लावून बसायचं, हे माझं काम. सह्याद्रीच्या घसाऱ्यावर घसरत वाढलेला माणूस बेअरटूथमध्ये हमाल म्हणून बरा चालतो, एवढीच पात्रता. त्यामुळे दोन्ही तट मला आपला समजून बोलतात. घरचा माणूस हे लिहू शकला नसता, म्हणून मी लिहितोय. नावं देत नाही. दरीही नेमकी सांगणार नाही. स्टिलवॉटर नदीचं खोरं, एवढं पुरे. मेंढ्याची जागा चारचौघांत सांगणं या मंडळींत शिष्टाचाराला धरून नाही.

नियम आधी समजून घेऊ

बिगहॉर्नचा परवाना मिळणं अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नशिबाचा भाग आहे. मोंटानातल्या नावाजलेल्या विभागांत शंभर अर्जांत एकालाही तो लागत नाही. लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात आणि करता करता म्हातारे होतात. अपवाद आहे तो यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेला लागून असलेल्या काही विभागांचा. तिथं १ मेच्या मुदतीत अर्ज केला की परवाना मिळतो, कितीही जणांना. राज्यातल्या रहिवाशाला १२५ डॉलर, बाहेरच्याला १,२५०. मेख पुढे आहे. परवान्यांना मर्यादा नसली तरी मारायच्या नरांना आहे, आणि तो कोटा विभागागणिक अगदी मोजका असतो. तो भरला की राज्याचं वन्यजीव खातं ४८ तासांची नोटीस देऊन हंगाम बंद करतं. तुम्ही तेव्हा कुठल्या कड्याखाली तंबू ठोकून बसला आहात याच्याशी खात्याला देणंघेणं नाही. कोटा उघडा आहे की भरला, हे बघत राहणं शिकाऱ्याची जबाबदारी.

दुसरी अट शिंगांची. नर किमान पाऊण वळशाचा हवा. मेंढ्याचं शिंग डोक्यावरून मागे जातं, खाली उतरतं आणि गालाजवळून पुन्हा पुढे येतं. मेंढा बरोबर आडवा उभा असताना शिंगाच्या बुंध्यापासून डोळ्यातून एक सरळ रेषा मनात ओढायची आणि खाली वाढवायची. शिंगाचं टोक त्या रेषेला भिडलं तर मेंढा कायद्यात 'बसतो', नाही तर नाही. मारलाच तर डोकं खात्याकडे न्यायचं, ते शिंगात नंबर असलेली धातूची खूण बसवतात, आणि मग सात वर्षं तुम्हाला परवाना नाही.

इतकी कंजुषी का, तर हे कळप मुळात लहान. बाहेरून आणून सोडलेले नाहीत, इथलेच. वर लांब हिवाळा आणि तोकडं गवत, त्यामुळे शिंगं सावकाश वाढतात. भरीला पाळीव मेंढ्या-बकऱ्यांकडून येणारा न्यूमोनियाचा जंतू. तो एकदा कळपात शिरला की मोठी जनावरं मरतातच, पण पुढची कित्येक वर्षं कोकरंही जगत नाहीत. अशा ठिकाणी म्हाताऱ्या नरांपैकी एक-दोन काढता येतात, त्याहून जास्त नाही.

मराठी वाचकाचा प्रश्न मला माहीत आहे: मग तेवढे तरी मारायचे कशाला? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढीला शिकार म्हटलं की कोर्टाची केस आठवते. त्या वादाचा निकाल मी इथं लावणार नाही. मीही पहिल्यांदा गेलो तो बघायला म्हणूनच. इथं बऱ्याच अंशी शिकारीच्या परवान्यांच्या पैशातून वन्यजीव खातं चालतं आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं गुन्हा आहे, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं समजायला सोपं जाईल. कारण या प्रकरणात मेंढा मारण्यापेक्षा तो खाली आणणं हाच खरा प्रश्न होता.

माणसं आणि जूनमधली बैठक

परवाना धाकट्याचा. तो माझा सहकारी, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. थोरला त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. अंगानं दणकट, एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीत मुरलेला, आणि 'बघू तिथं गेल्यावर' या पंथाचा. धाकट्याची मुलगी सतरा वर्षांची. आणि वडील, वय ७१. तरुणपणी याच खोऱ्यात मेंढ्यामागे भटकलेले, पण एकही न मिळालेला माणूस. तसं ते कधी बोलून दाखवत नाहीत. बोलून दाखवायची गरजच नव्हती. धाकट्यानं या विभागाचा परवाना काढला त्यामागे ती एक गोष्ट होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जूनमध्ये वडिलांच्या गॅरेजमध्ये बैठक झाली. जमिनीवर सामान मांडून वजनं केली. तीन गोष्टी ठरल्या आणि धाकट्यानं त्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून भिंतीला लावल्या. एक, २७५ मीटरच्या पुढे गोळी नाही. दोन, मेंढा बसतो की नाही हे दोघांनी वेगवेगळं बघून सांगायचं. एकानं जरी मान हलवली तरी गोळी नाही. तीन, दुपारी चारनंतर, अंधाराच्या आत पोचता येणार नाही अशा जागी उभ्या जनावरावर गोळी नाही.

तिसऱ्या नियमामागे हिशेब आहे. मोठ्या नराचं वजन शंभर किलोच्या पुढे जातं. हाडं काढून टाकली तरी मांस तीसेक किलो भरतं, डोकं आणि कातडं त्याहून वेगळं. हा प्रदेश १९७८ साली कायद्यानं राखलेलं रान आहे, जवळपास ३.८ लाख हेक्टर. तिथं मोटार चालत नाही, चाकाची गाडीसुद्धा चालत नाही. जे खाली यायचं ते माणसाच्या नाही तर घोड्याच्या पाठीवरून. आणि सोबतीला ग्रिझली अस्वलं आहेत. सप्टेंबरात ती कुठं असतात, तर मेंढे असतात तिथंच. उन्हाळ्यात पतंगांचे थवेच्या थवे वरच्या दगडांच्या खचात दडून बसतात, चरबीनं भरलेले. ते खायला अस्वलं दगड उलथत बसतात. धाकट्यानं मला दुर्बिणीतून एक मादी दाखवली होती, दोन पिल्लांसह. पुढच्या पंजानं ती दगड असा बाजूला सारत होती की आपण गादीवरची उशी सारावी. त्या दगडाखाली माझी सॅक सहज मावली असती.

बैठकीत न ठरलेली गोष्ट एकच. हंगाम मध्येच आखडला तर वडिलांचं काय, याबद्दल कुणी तोंड उघडलं नाही. वडील समोर बसले होते, म्हणून नसेल उघडलं.

योजना

ओळखीच्या एका घोडेवाल्यानं वडिलांना आणि जड सामानाला ओढ्याकाठच्या तळावर, साधारण २,१०० मीटरवर, सोडायचं आणि ठरल्या तारखेला न्यायला यायचं. तिथं खाण्याच्या सामानाभोवती बॅटरीवर चालणारं विजेचं कुंपण, बाकीचं झाडाला उंच टांगलेलं. वरचा तळ ३,००० मीटरच्या आसपास, तिघांपुरता. वडील खाली राहतील, त्यांच्याजवळ आळीपाळीनं एकजण. आधी मी, मग मुलगी. अदलाबदल दोन तळांच्या मधल्या खिंडीत. उपग्रहावरून मेसेज करायचं यंत्र एकच, ते वरच्या तळावर. घरून धाकट्याची बायको रोज संध्याकाळी कोट्याची स्थिती बघून कळवणार.

कागदावर सगळं ठीक होतं. वडील ओढ्यात मासे धरत होते आणि मला फ्लाय, म्हणजे माशांसाठीचं नकली किड्याचं आमिष, बांधायला शिकवत होते. माझ्या बोटांना ते जमलं नाही.

पहिला मेंढा

त्या वेळी मी खाली होतो. हे मुलीच्या वहीतून आणि तिघांच्या सांगण्यातून जुळवलं आहे.

सुरुवातीला फक्त माद्या आणि कोकरं दिसली. मग एका सकाळी, वाडग्यासारख्या एका दरीत पाच नर. त्यातला एक काळपट, रुंद छातीचा. स्कोपमध्ये, म्हणजे लांबचं बघायच्या मोठ्या एकडोळी दुर्बिणीत, थोरल्यानं आधी पाहिला आणि म्हणाला, बसतो. धाकट्यानं पाहिला आणि गप्प राहिला.

सहाशे मीटरवरून शिंगाचं टोक वाचणं म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं, कारण शिकारीचा निम्मा वेळ त्यात जातो. ऊन चढलं की दगड तापतात आणि मधली हवा थरथरते. साठपट मोठं करून पाहिलं तर मेंढा पाण्याखाली उभा असल्यासारखा दिसतो. शिवाय तो आडवा उभा राहायला बांधील नाही. रवंथ करत बसतो तास तास. उठतो, पाठ फिरवतो, दुसऱ्याला ढुशी देतो, पुन्हा बसतो. एखादा क्षण बरोबर बाजूनं दिसतो, त्या क्षणी तुम्ही डोळा पुसत असता.

मुलगी वहीत डोकं काढत होती. चित्रकला म्हणून नव्हे. तिला सांगितलेलं काम ते होतं. मेंढ्यानं मान वळवली की नवं चित्र, बाजूला रेषा, रेषेपासून टोक किती लांब. पान भरलं. त्या पानावर थोरल्याच्या 'बसतो'चं उत्तर होतं आणि ते तिच्या लक्षात आधी आलं. "तो आपल्याकडे तिरका बघतो तेव्हाच टोक पुढे आल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. "सरळ आडवा झाला की कमी पडतंय. प्रत्येक वेळी."

थोरला पुन्हा स्कोपला लागला. त्याला एकदाही 'नाही' म्हणवलं नाही, पण 'हो'ही म्हणवलं नाही. दुपारी मेंढे धारेपलीकडे निघून गेले.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो धाकट्याच्या संयमासाठी नाही. चुकीचा मेंढा मारला तर दंड, जप्ती, बदनामी, हे दोघा भावांना चांगलं ठाऊक होतं. पण थोरल्याला वडिलांसाठी मेंढा हवा होता, आणि धाकट्यालाही. तिसरे डोळे जिचे होते तिला काहीच सिद्ध करायचं नव्हतं. घरची माणसं बरोबर असण्याचा इथं निखळ फायदा झाला. दोघेच भाऊ असते तर काय झालं असतं, हे मी थोरल्याला विचारलं. त्यानं विषय बदलला.

अठ्ठेचाळीस तास

त्याच संध्याकाळी यंत्र वाजलं. विभागाचा कोटा भरला. परवा, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं हंगाम बंद.

वरच्या तिघांच्या हातात दोन दिवस उरले, आणि त्यातला पहिला अदलाबदलीचा. खाली मला आणि वडिलांना काहीच पत्ता नव्हता. कळवायचं साधन नाही. मुलीला एकटीला खिंडीपर्यंत पाठवायचं नाही, हे अस्वलांमुळे आधीच ठरलेलं. तिला थोरल्यानं आणायचं म्हणजे धाकटा वर एकटा. मुलगी वरच राहिली तरी खिंडीत कुणीतरी येणं भाग होतं. कुणीच आलं नाही तर काही बरंवाईट झालं समजून मी शोधत वर गेलो असतो आणि वडील मागून. शेवटी ठरलेलंच पार पाडायचं ठरलं: थोरला मुलीला घेऊन खिंडीत आला.

मी खिंडीत पोचलो तेव्हा वडील माझ्याबरोबर होते. पाय मोकळे करायला थोडं येतो म्हणून निघाले आणि थांबले नाहीत. खिंडीत थोरल्यानं कोट्याची बातमी दिली. वडिलांनी ती ऐकली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मग मीही वर येतो."

तिथं वीसेक मिनिटं जे झालं त्याला वाद म्हणता येणार नाही. थोरला एवढंच म्हणाला की तंबू तिघांचा आहे. वडील म्हणाले, मी कोकरू आहे का, दाबून झोपेन. मुलगी आजोबांच्या बाजूनं. मी गप्प, बाहेरच्या माणसानं तिथं बोलायचं नसतं. वडिलांना परत पाठवायचं तर कुणाला तरी त्यांच्याबरोबर जावं लागणार होतं, आणि ते कुणाला नको होतं. खालचा तळ कुंपणाच्या भरवशावर सोडून आम्ही सगळे वर निघालो. एका माणसाच्या चालीनं. धाकट्यानं तो दिवस एकट्यानं दुर्बीण लावून घालवला, काही दिसलं नाही.

रात्री वडिलांचं डोकं दुखत होतं. एका दिवसात नऊशे मीटर चढलेल्या ७१ वर्षांच्या माणसाला झोप लागत नाही यात नवल नाही. उलटी नव्हती, बोलणं नीट होतं, चालताना तोल जात नव्हता. धाकटा दर दोन तासांनी हे तपासत होता, म्हणजे तोही झोपला नाही.

दुसरा मेंढा

शेवटच्या दिवशी पहाटे दोघं भाऊ पलीकडच्या दरीत जाणार होते. गेले नाहीत. थोरला वडिलांबरोबर थांबला, सावकाश त्यांना टेहळणीच्या टेकाडावर घेऊन आला. सगळे तिथं बसलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

मेंढा वडिलांनी शोधला. आम्ही सगळे गवताचे पट्टे चाळत होतो, कारण जनावर चरायला गवतात येतं. वडील एकाच कड्याच्या सावलीकडे बघत बसले होते. "तो दगड गोल आहे," ते म्हणाले. मला दगडांपैकी कुठलाच गोल दिसत नव्हता. स्कोप तिकडे वळवल्यावर दिसलं: शिंगाचा बाक, आणि त्यामागे सावलीत बसलेला अख्खा मेंढा. टोक डोळ्याच्या रेषेच्या चांगलंच पुढे, आणि झिजून बोथट झालेलं. धाकटा म्हणाला, बसतो. मुलगी म्हणाली, बसतो. या वेळी वही लागली नाही.

साडेबाराच्या सुमारास भाऊ निघाले. मेंढ्याची नजर खाली असते, म्हणून त्याच्या वरून यायचं. दिवसा तापलेली हवा वर चढते, म्हणजे वरून आलं तर आपला वासही त्याच्यापर्यंत उतरत नाही. त्यासाठी डोंगराची एक सोंड पूर्ण वळसा घालून ओलांडायची होती. मोंटानात जनावर कुठं आहे हे रेडिओ किंवा फोनवरून शिकाऱ्याला सांगायला मनाई आहे. त्यामुळे आमच्यात खूण ठरली होती: मेंढा हलला तर मी पिवळी पिशवी दगडावर पसरायची.

मेंढा दोनच्या आसपास हलला. फार नाही, डावीकडे कड्यातल्या दुसऱ्या अरुंद सपाट फळीवर जाऊन उभा राहिला आणि पुन्हा बसला. मी पिशवी पसरली. भाऊ सोंडेच्या आड होते. ते पुन्हा दिसू लागले तेव्हा मागे वळून बघायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. जुन्या जागेच्या वर जाऊन बसले, काही दिसेना तेव्हा थोरल्यानं मागे पाहिलं. चाळीसेक मिनिटं तिथं गेली. नव्या जागेसमोर ते पोचले तेव्हा चार वाजून गेले होते.

चार वीसला मेंढा उठला. अंतर २३० मीटर. धाकटा पालथा पडलेला, बंदूक सॅकवर टेकलेली. आम्ही तिघं टेकाडावरून स्कोपमध्ये आळीपाळीनं बघत होतो. त्या वेळी डोळा वडिलांचा होता. मेंढा ज्या फळीवर उभा होता तिच्या खाली एक नाळ, म्हणजे अरुंद घळ, सरळ उतरत होती, दीडशे मीटर तरी, आणि तळाशी जुन्या बर्फाचा पट्टा. गोळी लागली की मेंढा त्या नाळेतच जाणार, हे दोघा भावांना दिसत होतं. वरून नाळेत दोराशिवाय उतरता येत नव्हतं. खालून जायचं तर आख्खी सोंड उतरून दुसऱ्या दरीतून. सूर्य सव्वासातला मावळतो. रात्रीसाठी बर्फाचा अंदाज होता.

थोरला कुजबुजला, मार. धाकट्यानं गाल बंदुकीवरून उचलला नाही, पण बोटही आत नेलं नाही. मेंढा एक-दोन मिनिटं वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि चढून धारेपलीकडे गेला.

वडिलांनी स्कोपवरून डोळा काढला आणि मला म्हणाले, "घड्याळ बघत होता तो."

भांडण

ते दोघं परत आले तेव्हा अंधार पडला होता, बर्फ भुरभुरू लागलं होतं. धाकट्याला वाटलं असावं की वडील पाठीवर हात ठेवतील. वडील रागावले होते. "माझ्यासाठी थांबलास?" त्यांनी विचारलं. धाकटा म्हणाला, नाळेसाठी. "नाळ मीही पाहिली," वडील म्हणाले. "मी इथं नसतो तर?" धाकट्यानं उत्तर दिलं नाही.

थोरल्याचं म्हणणं मी नीट मांडतो, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. हंगाम संपत होता, पुढचा परवाना मिळणार तो पुढच्या वर्षी, नवा अर्ज करून. मेंढा पडला असता तर त्या रात्री जायची गरजच नव्हती. सकाळी खालून गेलो असतो. रात्री गोठणबिंदूखालची थंडी होती, बर्फावर पडलेलं मांस सहसा खराब होत नाही. अस्वल आलं असतं तर आलं असतं. एल्कचे शिकारी अशी जोखीम दर वर्षी घेतात. घोडेवाला आणखी एक दिवस थांबला असता. आणि चारचा नियम गॅरेजमध्ये बसून केला होता, तेव्हा ४८ तासांची नोटीस कुणाच्या डोक्यात नव्हती.

याला धाकट्याचं उत्तर: पोट न फाडलेला मेंढा रात्रभर थंडीतही आतून गरम राहतो, मांस नासतं. त्या खचात अस्वल आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी ताज्या बर्फावरून, अस्वलानं ताबा घेतलेल्या मेंढ्याकडे जायचं कुणी? आणि नियम आखताना डोकं थंड असतं म्हणूनच तो आधी आखायचा असतो.

माझं मत

गोळी न झाडणं योग्य होतं. मांसाबद्दल धाकटा बरोबर आहे आणि अस्वलाबद्दल तर नक्कीच. थोरल्याच्या हिशेबात सगळं जमून आलं तरच जमतं, आणि त्या खोऱ्यात सगळं जमून येत नाही. या विभागांत परवानाधारकांपैकी फार थोड्यांना मेंढा मिळतो याचं कारण मेंढे दिसत नाहीत एवढंच नाही. दिसलेले मेंढे असेच भलत्या जागी, भलत्या वेळी उभे असतात.

पण मेंढा हुकला तो चार वीसला नाही. चारच्या ऐवजी अडीचला भाऊ तिथं असते तर हीच नाळ चालली असती. चार तासांहून जास्त उजेड होता. अडीचला का नव्हते? पिवळी पिशवी चाळीस मिनिटं कुणी पाहिली नाही, हे एक. उरलेला वेळ गेला तो सकाळी, कारण वडिलांना टेकाडावर आणायचं होतं. त्याआधीचा अख्खा दिवस खिंडीत गेला. आणि खिंडीत तो गेला कारण खालच्या तळावर बातमी पोचवायला दुसरं यंत्र नव्हतं. ते भाड्यानं मिळतं. सामानाची वजनं करताना २०० ग्रॅम वाचवले होते.

इथवर मांडणी सरळ आहे आणि थोरला ती आनंदानं मान्य करतो. म्हणतो, म्हणजे डॅडना वर आणणं हीच चूक. मग मी त्याला विचारतो की मेंढा शोधला कुणी? आम्ही चौघं निरोगी डोळ्यांची माणसं सकाळभर गवत चाळत होतो. वडील वर नसते तर भाऊ पहाटेच पलीकडच्या दरीत गेले असते आणि तो मेंढा सावलीत बसून हंगाम संपवता. ज्या माणसामुळे उशीर झाला त्याच माणसामुळे मेंढा दिसला. हे दोन धागे वेगळे काढायचा मी बराच प्रयत्न केला, निघत नाहीत.

धाकट्यानं गाडीत परतताना मला एक गोष्ट सांगितली जी त्यानं घरी सांगितलेली नाही. वडील टेकाडावर होते, रात्री त्यांचं डोकं दुखलं होतं, आणि अंधारात त्यांना तळावर न्यायला एकटा मी होतो, हेही त्या दोन मिनिटांत त्याच्या डोक्यात होतं. नाळ एकटीच पुरेशी होती, तो म्हणाला, पण नाळ एकटी नव्हती. म्हणजे वडिलांना दिलेलं उत्तर खरं होतं, फक्त अर्धं होतं. वडिलांना ते कळलं, म्हणून तर ते रागावले.

पुढच्या अर्जाआधी

यंदा १ मेच्या आत थोरल्यानं स्वतःच्या नावानं अर्ज केला. धाकट्यानंही केला. दोन परवाने, तरी माणसं तीच. गॅरेजच्या भिंतीवरचा पुठ्ठा बदलला आहे. यंत्रं दोन. दर वीस मिनिटांनी मागे वळून टेकाडाकडे बघायचं. चारचा नियम तसाच, फक्त पुढे थोरल्याच्या अक्षरात 'हंगामाचा शेवटचा दिवस सोडून' असं लिहिलेलं, आणि ते धाकट्यानं खोडलेलं. वडील या वेळी पहिल्यापासून वरच्या तळावर असतील, मध्ये खिंडीत एक मुक्काम करून, म्हणजे उंची अंगवळणी पडेल. त्यांची स्वतःची एकच अट आहे: त्यांना सोडायला म्हणून कुणी एकानं खाली जायचं नाही. ज्या दिवशी त्यांना झेपणार नाही त्या दिवशी सगळ्यांनीच तळ हलवायचा, मेंढा समोर उभा असला तरी.

धाकट्यानं ही अट मान्य केली आहे. थोरला म्हणतो, बघू तिथं गेल्यावर.